गिऱ्हाईक बदलले तेव्हा

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनाबाहेर कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा, तो हे एका दमात सांगतो. विचारणारा ऐकणारा निघाला तर पुढचेही सांगतो. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर ठेवावी लागते, तिथून लेण्यांपर्यंत बसने जावे लागते, म्हणून परतीचा हिशेब करताना त्या बसची रांगही धरायची. वेरूळच्या डोंगराचे तोंड पश्चिमेला, त्यामुळे कैलास लेणे दुपार कलल्यावर उजळते. दौलताबाद वाटेवरच असला तरी उन्हाळ्यात वेरूळ आणि किल्ल्याचा माथा एकाच दिवशी करायचा हट्ट धरू नये. शहरात हे हजारोंच्या तोंडी आहे, आणि त्यांतल्या काहींनी ते कधी ना कधी इंटरनेटवर लिहूनही ठेवले आहे.

तेच फोनवर शोधायला गेले की काय होते? बंदचा वार वरच्या चौकटीत बहुधा मिळून जातो. त्यापुढे मात्र जाहिराती येतात, मग हॉटेल बुकिंगच्या बड्या कंपन्यांची पाने, मग सहलींची पॅकेजेस, मग पाहायलाच हव्यात अशा दहा जागांच्या याद्या. या याद्या एकमेकींसारख्या असतात, कारण त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. टी-पॉइंटच्या रांगेत स्वतः उभे राहिलेल्या कुणी लिहिलेले चार परिच्छेद दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असले तर असतात. तिथवर फारसे कुणी जात नाही.

पंधरा वर्षांपूर्वी शोध बरा लागायचा, असे आता सगळेच म्हणतात. पण जुने ते सोने म्हणायची सवय आपल्याला आहेच, म्हणून नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवू नये. या ऱ्हासाचे कागद आता उपलब्ध आहेत. दिल्लीच्या स्पर्धा आयोगाचे आदेश आहेत, वॉशिंग्टनच्या खटल्यात उघड झालेला गूगल कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार आहे, जर्मन संशोधकांचे मोजमाप आहे. ते एकत्र वाचले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. शोधयंत्राचे गिऱ्हाईक बदलले. शोधणारा माणूस त्या जागेवरून उठवला गेला आणि तिथे जाहिरातदार बसला. बाकीचे सारे त्यामागून आले.

मराठीला सूचीचे मोल कळायला इंटरनेटची वाट पाहावी लागली नव्हती. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० या काळाचा पुढचा खंड १९६१ मध्ये आला. एका माणसाने आयुष्य घालून केलेले हे काम आजही अभ्यासकाच्या हाताशी असते. त्या सूचीत पुस्तकाची जागा विषय ठरवतो. प्रकाशक धनवान आहे म्हणून त्याचे पुस्तक दोन ओळी वर सरकत नाही, आणि हाती पैसा नसलेल्या लेखकाने स्वखर्चाने काढलेली पुस्तिका शेवटी ढकलली जात नाही. त्याआधी, १९३१ मध्ये, मद्रासला रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्यांतले एक.

मराठवाड्याच्या शिक्षणाची उभारणी याच विचारावर झाली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने इथे महाविद्यालय निघाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १९५८ मध्ये विद्यापीठ आले. ज्या घरांत पुस्तक नावाची वस्तूच नव्हती, त्या घरांतली मुले या ग्रंथालयांच्या टेबलापाशी आली, आणि काय वाचावे, कुठे मिळेल, हे त्यांना सांगणारा माणूस तिथे होता. तो संस्थेच्या पगारावर होता. कुठल्या पुस्तकाचे नाव आधी घ्यायचे याचे पैसे त्याला प्रकाशक देत नव्हता. याच वातावरणातून पुढे गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ नियतकालिक उभे राहिले आणि दलित साहित्याच्या चळवळीचे एक मोठे केंद्र हे शहर झाले. शोधून देणारा कुणाच्या बाजूचा आहे यावर माणसाला काय सापडते हे ठरते, आणि काय सापडते यावर पुढे काय लिहिले जाते हे ठरते.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशातल्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ काढले. त्यांच्या संकेतस्थळांत ‘समाचार’, ‘खेल’, ‘बावर्ची’ यांच्यासोबत ‘खोज’ही होते. भारताविषयीची पाने शोधून देणे हे त्याचे काम. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला तेव्हा आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारले होते. त्या वेळी शोध हा मुख्यतः हाताने रचलेल्या याद्यांचा खेळ होता. याहूची यादी माणसे लावत होती. अल्टाविस्टा शब्द जुळवून ढिगाने पाने काढून देत होते, पण त्यांतले कामाचे कोणते हे त्याला सांगता येत नव्हते.

ते कोडे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी सोडवले. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी संशोधनाच्या जगातली एक जुनी रीत उचलली. ज्या निबंधाचा संदर्भ अनेक विद्वान देतात तो महत्त्वाचा, आणि संदर्भ देणारा स्वतः जितका मोठा तितके त्या संदर्भाचे वजन अधिक. पानांना जोडणाऱ्या लिंक म्हणजे असेच संदर्भ, असे धरून त्यांनी पानांचा क्रम लावला. १९९८ मध्ये त्यांनी या यंत्राविषयी लिहिलेल्या निबंधाला एक परिशिष्ट आहे. ते प्रत्येक मराठी पत्रकारितेच्या वर्गात शिकवले जावे असे मला वाटते. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल, असा इशारा त्यात या दोघांनी स्वतः दिला आहे. उदाहरणही त्यांनीच दिले. त्यांच्या यंत्रात सेल्युलर फोन असे शोधले तेव्हा पहिला आला तो गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसे विचलित होते यावरचा अभ्यास. फोन विकणाऱ्यांचे पैसे घेणाऱ्या यंत्राला असा निकाल पहिल्या जागी दाखवणे जड जाईल, असे त्यांनी नोंदवले. असे यंत्र विद्यापीठांच्या क्षेत्रात, खुलेपणाने चाललेले असावे, हा त्यांचा निष्कर्ष.

दोन वर्षांनी, २००० मध्ये, या दोघांच्या गूगल कंपनीने जाहिराती विकायला सुरुवात केली.

सुरुवातीची काही वर्षे त्यांनी स्वतःचा इशारा पाळला, हे मान्य करायला हवे. जाहिराती उजव्या बाजूच्या पट्टीत असत. वर आल्याच तर रंगीत पार्श्वभूमीवर असत. टेलिफोन डिरेक्टरीत धंदेवाल्यांची पाने पिवळी असत, तसे इथेही पैसे देऊन आलेले काय आणि आपसूक आलेले काय, ते लांबून कळे. ही रेघ कशी पुसत गेली ते वर्षावार सांगता येते. २०१३ मध्ये मागचा रंग गेला आणि जाहिरातीपुढे एक लहानशी पिवळी खूण उरली. २०१६ मध्ये ती खूण हिरवी झाली, म्हणजे नेमक्या त्याच रंगाची, ज्या रंगात निकालांचे पत्ते छापलेले असत. त्याच वर्षी उजवी पट्टी काढून टाकण्यात आली आणि संगणकावरही वर चार-चार जाहिराती येऊ लागल्या. जानेवारी २०२० मध्ये खूण काळ्या अक्षरांत आली आणि खऱ्या निकालांपुढेही तशाच आकाराची चिन्हे लावली गेली. ओरड झाली तेव्हा कंपनीने काही दिवसांत माघार घेतली. प्रत्येक बदल एवढा लहान की त्यावर भांडावे असे कुणाला वाटू नये. सात वर्षांचे बदल एकत्र ठेवले की हेतू लपत नाही.

मराठी माणसाच्या वाट्याला या यंत्राची चांगली वर्षे फार थोडी आली, याचे मला वाईट वाटते. इंग्रजी वाचणाऱ्याला २००० पासून जे मिळत होते ते मराठीत पोहोचायला फॉन्ट आडवे आले. आमची वर्तमानपत्रे इंटरनेटवर लवकर गेली, पण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. पुण्याच्या सी-डॅकचे, श्रीलिपीचे, कुणाचे स्वतःचे. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसे, आत मात्र रोमन चिन्हांची उलथापालथ असे. शोधयंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. युनिकोड हळूहळू रुजले आणि दशकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रे त्याकडे वळली. पण जुन्या फॉन्टमधले कितीतरी लेखन तिथेच बुजून गेले. मग काही वर्षे सुखाची होती. हौसेने लिहिणारी माणसे, शिक्षक, किल्ले हिंडणारे, शेतीचे प्रयोग करणारे मराठीत लिहू लागले आणि शोधले की सापडू लागले. तोवर इंग्रजीत कीड लागली होती, ती इकडे यायला वेळ लागला नाही.

ही कीड म्हणजे शोधयंत्राला आवडेल तसे लिहिण्याचा धंदा. लोक काय शोधतात ते आधी पाहायचे, त्या शब्दांभोवती मजकूर भरायचा, आणि वस्तू विकली गेली की दलाली घ्यायची. २०११ मध्ये अशा मजकुराचे कारखाने इतके माजले की गूगलला आपले गणित बदलावे लागले, आणि त्या बदलाने यांतले अनेक कारखाने खरोखर कोसळले. मला ही घटना महत्त्वाची वाटते. मनात आणले की कंपनी स्वच्छता करू शकत होती, हे तिने तेव्हा दाखवून दिले. पुढे तेच लोक नव्या वेशात परतले. जर्मनीतल्या लाइपझिग आणि वायमार इथल्या संशोधकांनी ७,३९२ शोधांचे निकाल वर्षभर तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. वस्तूंच्या परीक्षणांत वर येणारी बहुसंख्य पाने दलालीवर चालणारी होती, आणि जी पाने वर येण्यासाठी जास्त सजवलेली, त्यांचा मजकूर सरासरीने जास्त सुमार. हीच लढाई बिंग आणि डकडकगोही हरत आहेत, हेही त्यांनी दाखवले.

भारतात पहिली मोठी तक्रार लग्न जुळवणाऱ्यांनी केली. चेन्नईची भारत मॅट्रिमनी आणि ‘कट्स’ ही ग्राहक संस्था २०१२ मध्ये स्पर्धा आयोगापुढे गेली. निकाल यायला सहा वर्षे लागली. ८ फेब्रुवारी २०१८ च्या आदेशात आयोगाने बहुमताने म्हटले की गूगलने शोधाच्या निकालांत आपल्या सेवांना झुकते माप दिले. विमानाची तिकिटे शोधणाऱ्याला गूगल स्वतःची चौकट दाखवून आपल्याच पानावर नेते, हा त्यातला एक मुद्दा. दंड झाला १३५.८६ कोटी रुपये. दोन सदस्यांनी वेगळे मत नोंदवले, आणि तक्रारीतले काही आरोप बहुमतालाही पटले नाहीत. पण निकालांचा क्रम म्हणजे यंत्राचे निःपक्ष मत, ही समजूत त्या दिवशी भारतात अधिकृतपणे मोडली.

या सगळ्याचा मराठवाड्यातल्या माणसाशी संबंध खऱ्या अर्थाने आला तो सप्टेंबर २०१६ नंतर. जिओने डेटा स्वस्त केला आणि कन्नड, सिल्लोड, पैठण, गंगापूरच्या घराघरांत स्मार्टफोन गेला. तो फोन अँड्रॉइडचा, आणि त्याच्या पहिल्या पडद्यावर गूगलची शोधपेटी आधीच बसवलेली. इंटरनेट म्हणजे ती पेटी, अशीच ओळख एका पिढीला झाली. दुसरे काही असते हे कळायचा प्रसंगच आला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने याच बसवण्याच्या सक्तीबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला.

शहराच्या धंद्यावर याचा परिणाम कसा झाला ते हॉटेलवाल्यांकडून समजून घ्यावे. पर्यटक आधी शहरात उतरून खोली शोधत असे, किंवा गाइडच्या, ओळखीच्या तोंडून नाव कळे. आता तो घरूनच शोधतो. एखाद्या लहान हॉटेलचे नेमके नाव टाकून शोधले तरी त्या नावावर बोली लावून बुकिंग कंपनी त्याच्याही वर येऊ शकते. म्हणजे गिऱ्हाईक हॉटेलच्या नावाने आले, तरी दलाली कंपनीला. या कंपन्यांची बळजोरी किती होती हे हॉटेलचालकांच्या महासंघाच्या तक्रारीवरून १९ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने नोंदवले. मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड झाला. आमच्यापेक्षा स्वस्तात खोली दुसरीकडे द्यायची नाही, अशा अटी हॉटेलांवर लादलेल्या होत्या. शोधात वर कोण येते, या प्रश्नाचा शेवट असा खोलीच्या भाड्यात होतो. ते भाडे अजिंठा पाहायला आलेला माणूस भरतो.

पैठणचे उदाहरण मला याहून जास्त टोचते. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर सुलट आणि उलट दोन्हीकडून सारखाच दिसतो. मागे लोंबते धागे नसतात. ही परीक्षा पैठणच्या विणकराने गिऱ्हाइकाला मागावर बसून दाखवायची आणि गिऱ्हाइकाने पदर उलटून पाहायचा, अशी खरेदी व्हायची. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पण फोनवर पैठणी शोधणाऱ्यापुढे आधी येतात ती बड्या विक्रेत्यांची चित्रे, आणि त्यांत यंत्रमागाची सेमी पैठणी अस्सलच्या शेजारी त्याच नावाने लावलेली असते. किमतीत दसपट फरक दिसतो आणि कारण कळत नाही. ते कारण सांगणारा माणूस महिनोन्‌महिने एका साडीवर बसलेला असतो. जाहिरातीची बोली लावायला त्याच्याकडे ना पैसा ना वेळ. निर्देशांकाने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. शोधाच्या पानावर त्याला जागा देण्याचा अधिकार कुठल्याच कायद्याकडे नव्हता.

अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलवर खटला भरला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुनावणी सुरू झाली. तिथे बाहेर आलेल्या कागदांत २०१९ च्या फेब्रुवारीतला एक प्रसंग आहे. शोधातून येणारा महसूल ठरवलेल्या लक्ष्यामागे पडत होता, म्हणून जाहिरात विभागाच्या बाजूने धोक्याची पिवळी घंटा वाजवली गेली. शोध विभागाचे प्रमुख होते बेन गोम्स. बंगळुरूत वाढलेले, जवळजवळ सुरुवातीपासून कंपनीत असलेले. आपला विभाग जाहिरातींत फार गुंतत चालला आहे आणि हे शोधाच्या हिताचे नाही, अशी चिंता त्यांनी सहकाऱ्यांना लिहिली. लोकांनी जास्त वेळा शोधावे हे उद्दिष्ट ठेवले तर शोध वाईट करूनही ते साधता येईल, हे त्यांना दिसत होते. पहिल्या फेरीत उत्तर सापडले नाही तर माणूस पुन्हा शोधतोच. २०२० मध्ये गोम्स शिक्षण विभागात गेले, आणि आधी जाहिरातींचा कारभार पाहणारे प्रभाकर राघवन शोध आणि जाहिराती या दोन्हींचे प्रमुख झाले. शोधाचे निकाल जाहिरातींसाठी बिघडवल्याचा आरोप कंपनीने ठामपणे नाकारला आहे, आणि त्या एका प्रसंगानंतर नेमके कोणते गणित बदलले हे कागदांवरून सिद्ध होत नाही. पण घरातल्याच माणसाला घरात काय चालले आहे याची भीती वाटत होती, हे मात्र सिद्ध आहे.

५ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल आला.  न्यायाधीश अमित मेहता यांनी निर्वाळा दिला की गूगलची शोधात मक्तेदारी आहे आणि ती टिकवण्यासाठी कंपनीने कायदा मोडला. अमेरिकेतल्या एकूण शोधांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास आणि मोबाइलवरच्या शोधांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास २०२० साली गूगलकडे जात होते. फोनवर आणि ब्राउझरवर आपलीच पेटी आधीपासून बसलेली असावी यासाठी कंपनीने एकट्या २०२१ साली २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली. पण मला त्या निकालपत्रातली दुसरीच एक नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२० मध्ये गूगलने आतल्या आत एक अभ्यास केला होता, शोधाचा दर्जा बराच घसरू दिला तर उत्पन्नावर काय परिणाम होईल याचा. उत्तर मिळाले, उत्पन्न घटणार नाही. लोक सोडून जाणार कुठे? न्यायाधीशांनी याचा अर्थ मक्तेदारीचा पुरावा असा लावला. दर्जा घसरला तरी ज्याचे काही बिघडत नाही, त्याने दर्जा का सांभाळावा? १९९८ च्या परिशिष्टातला इशारा बावीस वर्षांनी त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत खरा ठरला होता.

शोधाच्या हाती किती सत्ता गेली आहे याचा एक प्रत्यय या शहराला त्या निकालाआधीच आला होता. जुलै २०२२ मध्ये, नामांतराला केंद्राची मंजुरी मिळण्याआधीच, गूगलच्या नकाशावर शहराचे नवे नाव दिसू लागले आणि इथे वाद पेटला. मंजुरी आली २४ फेब्रुवारी २०२३ रोजी. मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्या ८ मे २०२४ रोजी. नामांतराच्या दोन्ही बाजूंना मंत्रिमंडळ होते, न्यायालय होते, रस्ता होता. नकाशावर नाव कुणी, कधी, कोणत्या आधारावर बदलले हे विचारायला मात्र कुणाकडेच दार नव्हते. नाव कोणते हवे यावर ज्यांचे टोकाचे मतभेद आहेत, त्यांनीही या एका गोष्टीची काळजी करावी.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधाच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला सारांश येऊ लागला. ज्यांच्या लिखाणावरून तो बनतो त्यांच्या पानापर्यंत वाचक पोहोचायची गरजच त्याने कमी केली. २०१८ मध्ये ‘नवलेखा’ प्रकल्प जाहीर करताना गूगलनेच म्हटले होते की भारतीय भाषांतला इंटरनेटवरचा मजकूर इंग्रजीच्या एक टक्का आहे. आधीच एवढ्याशा असलेल्या मराठी लिखाणाला वाचकही मिळेनासा झाला, तर टी-पॉइंटची रांग, पदराची उलटी बाजू, गुलाबी बोंडअळीवर आपल्या शेतात काय लागू पडले, हे पुढे कोण लिहील?

आता एका विसरलेल्या प्रकरणाकडे मागे जायला हवे, कारण या साऱ्याला दुसरी वाट होती आणि ती महाराष्ट्रातूनच निघाली होती. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने भारतीय भाषांतल्या शोधासाठी एक प्रकल्प हाती घेतला. नेतृत्व मुंबईच्या आयआयटीचे, प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांचे. सोबत पुण्याचे सी-डॅक आणि देशभरातल्या अनेक संस्था. त्यातून जे शोधयंत्र तयार झाले त्याचे नाव ‘संधान’. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू अशा भाषांत ते शोधत असे, आणि त्याने पहिला विषय निवडला होता पर्यटन. म्हणजे वेरूळ-अजिंठ्याला मराठीतून वाट विचारणारा माणूस, हाच त्याचा कल्पिलेला वाचक. मराठीत एकाच नावाची रूपे किती. वेरूळला, वेरूळचा, वेरूळहून, वेरूळच्या. ही सगळी एकाच जागेची नावे आहेत हे यंत्राला शिकवण्याचे किचकट काम या मंडळींनी केले. त्यात जाहिरात नव्हती.

ते लोकांपर्यंत पोहोचले नाही. माझ्या मते त्याची कारणे तंत्रज्ञानात शोधू नयेत. सगळे इंटरनेट सतत चाळत राहणे ही अखंड खर्चाची गोष्ट आहे, आणि आपल्याकडे संशोधन प्रकल्पाला मुदतीपुरता निधी मिळतो. मुदत संपली की निबंध उरतात. शिवाय ज्या वर्षांत संधान उभे राहत होते त्याच वर्षांत बाजारात येणाऱ्या अँड्रॉइड फोनवर दुसरी पेटी बसवली जात होती. देशाने रेल्वेचे आरक्षण, निवडणुकीच्या याद्या, आधार, यूपीआय उभे केले. मराठीतला शोध हीसुद्धा तशीच सार्वजनिक सोय आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नाही. युरोपात ते लक्षात आले. तिथल्या चौदा संस्थांनी युरोपीय संघाच्या निधीतून सप्टेंबर २०२२ मध्ये इंटरनेटची सार्वजनिक सूची करायला घेतली. शोधयंत्र कुणीही काढावे, त्याखालची सूची सर्वांची असावी, ही त्यामागची कल्पना. २०२५ मध्ये त्या सूचीचा पहिला भाग संशोधकांसाठी खुला झाला.

न्यायाधीश मेहता यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलवरचे उपाय जाहीर केले. कंपनी मोडायला नकार दिला, एकाधिकाराचे करार बंद केले, आणि शोधाच्या सूचीतली काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितली. पेटी बसवण्यासाठी पैसे देण्यावर मात्र त्यांनी बंदी घातली नाही. भारतात, २०२२ च्या आदेशानंतर, नवा फोन सुरू करताना शोधयंत्र निवडण्याची सोय देण्याचे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. निवड आली, पण मराठीसाठी निवडायला आहे काय? त्या यादीतले कुठलेच यंत्र मराठीसाठी बांधलेले नाही.

इथल्या विद्यापीठाचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या सरकारी संग्रहात आहेत. मराठवाड्यातली लोकगीते, पैठणचे विणकर, दुष्काळ, निजामाच्या काळातल्या शाळा, दलित चळवळ, असे विषय तिथे मांडलेले आहेत. ते कुणालाही फुकट वाचता येतात. पण त्यांतले कितीतरी मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमधले किंवा नुसत्या छायाप्रतींच्या रूपातले आहेत. आतला शब्द यंत्राला वाचता येत नाही, म्हणून शोधले तर शीर्षक सापडते, मजकूर सापडत नाही. दाते यांच्या सूचीनंतरचे हे पुढचे काम आहे, आणि ते करायला लागणारे ज्ञान मुंबई-पुण्याच्या ज्या संस्थांनी संधान बांधले त्यांच्याकडे आहे. स्पर्धा आयोगाचे दंड देशाच्या एकत्रित निधीत जमा होतात. अँड्रॉइडच्या प्रकरणातले १,३३७.७६ कोटी रुपये अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये कायम ठेवले आणि गूगलने ते भरले. शोधाची वाट अडवल्याबद्दल वसूल झालेल्या या पैशांतला एक हिस्सा भारतीय भाषांच्या सार्वजनिक सूचीसाठी कायमचा बांधून द्यावा, अशी मागणी विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी आणि साहित्य परिषदांनी केंद्राकडे करायला हवी. संधानचा निधी मुदतीने संपला होता. या वेळी मागताना मुदतीचे कलमच ठेवू नये.